मुखवटा तोच, माणूस वेगळा: बॅटमॅनचा चेहरा बदलला त्याची गोष्ट

(हा आपल्या पॉडकास्टच्या भागाचा लेखी मसुदा. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जवळपास जसंच्या तसं. बोगद्यात नेटवर्क गेलं तरी वाचता येईल.)

इयरफोन नीट लावा, आज गोष्ट मोठी आहे.

शाळेत असताना सुट्टीत मी मामाकडे जायचो. तिथे केबलवर हिंदी डबिंग केलेले इंग्रजी सिनेमे लागायचे. एका रविवारी आम्ही ‘बॅटमॅन रिटर्न्स’ पाहिला, पुढच्या रविवारी ‘बॅटमॅन फॉरेव्हर’. अर्ध्या तासाने मामेभाऊ म्हणाला, “अरे, हा तो नाहीये.” मी म्हटलं, “तोच आहे, बॅटमॅनच आहे की.” तो म्हणाला, “बॅटमॅन तोच आहे रे, पण माणूस वेगळा आहे. ओठ बघ याचे.” आमचं चांगलंच वाजलं. शेवटी मामी स्वयंपाकघरातून ओरडली, “नाटकात नाही का बदलत माणसं? रिप्लेसमेंट असेल. भांडू नका आणि जेवायला या.”

मामीने एका शब्दात विषय संपवला. पण माझ्या डोक्यातून तो काही गेला नाही. कारण प्रश्न खरा आहे. भूमिका कोणाची असते? ज्याने ती केली त्याची? ज्या कंपनीकडे हक्क आहेत तिची? की तिकीट काढून बसलेल्या आपली?

आज याच प्रश्नाचा इतिहास बघू. मुख्य गोष्ट १९८९ ते १९९७ या आठ वर्षांची आहे. एकच सिनेमालिका, चार सिनेमे आणि तीन बॅटमॅन.

आधी थोडं मागे

बॅटमॅन पहिल्यांदा छापला गेला १९३९ साली, ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७व्या अंकात. बॉब केन आणि बिल फिंगर या दोघांनी तो घडवला. त्यातल्या फिंगरला त्याच्या हयातीत नीट श्रेय मिळालं नाही, पण तो वेगळ्या भागाचा विषय.

पडद्यावर बॅटमॅन आला १९४३ मध्ये. तेव्हा अमेरिकेत थिएटरमध्ये ‘सीरियल’ दाखवायचे. म्हणजे दर आठवड्याला पंधरा-वीस मिनिटांचा एक भाग, आणि शेवटी हिरो कड्यावरून लोंबकळतोय. पुढच्या आठवड्यात परत या! कोलंबिया कंपनीच्या त्या पंधरा भागांच्या सीरियलमध्ये लुईस विल्सन बॅटमॅन होता. सहा वर्षांनी, १९४९ मध्ये त्याच कंपनीने दुसरी सीरियल काढली, आणि तिच्यात बॅटमॅन होता रॉबर्ट लोअरी. रॉबिनसुद्धा नवा. म्हणजे बॅटमॅन पडद्यावर दुसऱ्यांदा आला तोच वेगळ्या माणसाच्या रूपात. त्याचं फार कोणाला काही वाटलं नसावं. स्वस्तातलं काम होतं, पोरं बघायची आणि विसरायची.

मग १९६६ ची ॲडम वेस्टची टीव्ही मालिका आली. रंगीबेरंगी, मुद्दाम विनोदी. त्यात बॅटमॅन शेवटपर्यंत एकच राहिला, पण खलनायक मंडळी बिनधास्त बदलत होती. कॅटवूमन तर तीन जणींनी केली: मालिकेत ज्युली न्यूमार, त्याच वर्षीच्या सिनेमात ली मेरिवेदर आणि शेवटच्या सीझनला अर्था किट.

तोपर्यंत कॉमिक्समधलं पात्र म्हणजे हँगरला अडकवलेला ड्रेस होता. ज्याला बसेल त्याने घालावा.

हे बदललं १९७८ च्या ‘सुपरमॅन’ने. ख्रिस्तोफर रीव्ह. त्याने १९८७ पर्यंत चार सिनेमे केले, आणि एका अख्ख्या पिढीसाठी सुपरमॅन म्हणजे रीव्हच झाला. तिकडे जेम्स बॉन्डवाल्यांना उलटा अनुभव आला होता. १९६९ मध्ये शॉन कॉनरीच्या जागी त्यांनी जॉर्ज लॅझनबी हा मॉडेल आणला. प्रेक्षकांची कुजबुज होणार हे त्यांना इतकं ठाऊक होतं, की सिनेमाच्या सुरुवातीलाच नव्या बॉन्डच्या तोंडी जुन्या गड्यावर एक टोमणा टाकला. तरी लॅझनबी एकाच सिनेमापुरता टिकला, आणि पुढच्या सिनेमात कॉनरी परत!

म्हणजे ऐंशीच्या दशकात हॉलिवूडसमोर दोन्ही धडे होते. चेहरा पात्राला चिकटतो, आणि तो सोलून काढायचा तर दुखतं.

ज्याला कोणी नको म्हणत होतं

१९८८ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने जाहीर केलं, की टिम बर्टनच्या ‘बॅटमॅन’मध्ये मुख्य भूमिका मायकल कीटन करणार. लोक भडकले. कीटन म्हणजे ‘मिस्टर मॉम’मधला गोंधळलेला बाप, ‘बीटलज्यूस’मधलं वात्रट भूत. विनोदी नट. उंची फार नाही, हनुवटी कॉमिक्ससारखी नाही. तेव्हा इंटरनेट नव्हतं, त्यामुळे लोकांनी काय करावं? पत्रं लिहिली. स्टुडिओकडे सुमारे ५० हजार निषेधपत्रं आली असा आकडा तेव्हापासून सांगितला जातो. आजच्या ट्रोलिंगचं हे पोस्टाच्या तिकिटावर आलेलं रूप.

जून १९८९ मध्ये सिनेमा आला आणि सगळे गप्प झाले. जगभरात सुमारे ४१ कोटी डॉलरची कमाई. टी-शर्ट, टोप्या, मग, सगळीकडे तो पिवळा-काळा शिक्का. कीटनने एक साधी गोष्ट ओळखली होती. हा माणूस लहानपणी आईबापाला डोळ्यांसमोर मरताना बघून आतून मोडलेला आहे, त्यामुळे ब्रूस वेनच जरा विचित्र असायला हवा. मुखवट्यातून फक्त डोळे, ओठ आणि हनुवटी दिसते. कीटनने डोळ्यांनी काम केलं.

१९९२ चा ‘बॅटमॅन रिटर्न्स’ आणखी काळा होता. मिशेल फायफरची कॅटवूमन, डॅनी डिव्हिटोचा पेंग्विन, त्याच्या तोंडातून गळणारा काळा द्रव. मला हा सिनेमा प्रचंड आवडतो. पण मॅकडोनाल्ड्सने याच सिनेमाची खेळणी लहान मुलांच्या हॅपी मीलमध्ये घातली होती. पोरांना सिनेमाला नेलेल्या आईबापांनी डोक्याला हात लावला, तक्रारी केल्या. कमाईही घसरून सुमारे २६-२७ कोटी डॉलरवर आली. फ्लॉप मुळीच नाही, पण आधीच्यापेक्षा कमी, आणि वर खेळणीवाले नाराज.

इथून गोष्टीला वळण लागतं. आपल्याला वाटतं, नट बदलतो म्हणजे नटाने पैसे जास्त मागितले किंवा भांडण झालं. इथे आधी सिनेमाचा सूर बदलायचं ठरलं, आणि मग जुना चेहरा त्या सुरात बसेना.

कीटन बाहेर, किल्मर आत

बर्टनला दिग्दर्शनावरून बाजूला करून निर्मात्याच्या खुर्चीत बसवलं गेलं. नवीन दिग्दर्शक जोएल शुमाकर. ‘द लॉस्ट बॉइज’, ‘फॉलिंग डाउन’ हे त्याचे आधीचे सिनेमे, म्हणजे माणूस लल्लूपंजू नव्हता. त्याला हलकाफुलका, रंगीत, निऑन दिव्यांचा बॅटमॅन हवा होता. स्टुडिओलाही तेच हवं होतं.

कीटन शुमाकरला भेटला, बोलला. त्याने बऱ्याच वर्षांनंतर सांगितलेली आठवण अशी: शुमाकरचा प्रश्न होता, की हे सगळं इतकं काळं, इतकं दुःखी कशाला असायला हवं? कीटनला कळेना की याला काय उत्तर द्यावं. हा माणूस बॅटमॅन कसा झाला हे तुला माहीत आहे ना, असं त्याच्या मनात आलं. मोठं मानधन समोर असताना तो बाजूला झाला. हे साल १९९४.

आता गंमत बघा. नवा बॅटमॅन शोधायला काही महिने लागले नाहीत. शुमाकरने ‘टूमस्टोन’ पाहिला होता, त्यातला क्षयाने खंगलेला पण भारी बोलणारा डॉक हॉलिडे, म्हणजे व्हॅल किल्मर, त्याच्या डोक्यात होता. किल्मर म्हणजे ‘टॉप गन’चा आइसमॅन, ‘द डोअर्स’मधला जिम मॉरिसन. किल्मर सांगायचा, की फोन आला तेव्हा तो आफ्रिकेत दुसऱ्या सिनेमाच्या तयारीसाठी गेला होता, आणि नेमका वटवाघळांच्या गुहेत होता! त्याने स्क्रिप्ट न वाचताच होकार दिला.

स्क्रिप्ट न वाचता. हे लक्षात ठेवा. कीटन स्क्रिप्टमुळे गेला, किल्मर स्क्रिप्ट न बघता आला. दोघांना एकच भूमिका ऑफर झाली होती, पण दोघांना तिच्यात वेगळी गोष्ट दिसत होती.

शिवण दिसू नये म्हणून

आता सांगतो तो भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. नट बदलला पण कथा पुढे चालू आहे, हे प्रेक्षकाला कसं पटवायचं?

उत्तर आहे आल्फ्रेड. ब्रूस वेनचा म्हातारा बटलर. मायकल गॉफ या ब्रिटिश नटाने ही भूमिका चारही सिनेमांत केली: १९८९, १९९२, १९९५, १९९७. कमिशनर गॉर्डनही चारही वेळा पॅट हिंगलच. मालक दोनदा बदलला, नोकर आणि पोलीस तेच. आल्फ्रेड ज्याला ‘सर’ म्हणतो तो ब्रूस वेन, असा साधा हिशोब. आपण नवीन माणसाला न्याहाळत असतो, आल्फ्रेडच्या ओळखीच्या चेहऱ्यावर काही नवल दिसत नाही, आणि आपणही सैल होतो. शिवाय ‘फॉरेव्हर’मध्ये निकोल किडमनचं पात्र काळ्या चकचकीत कपड्यांतल्या, चाबूकवाल्या बाईचा उल्लेख करून बॅटमॅनला चिडवतं. म्हणजे कॅटवूमनचा तो आधीचा सिनेमा याच माणसाच्या आयुष्यात घडलाय.

पण याच सिनेमात दुसरीकडे शिवण उसवलेली होती. १९८९ च्या सिनेमात सरकारी वकील हार्वे डेंट होता बिली डी विल्यम्स, ‘स्टार वॉर्स’मधला लँडो. कॉमिक्स वाचणाऱ्या सगळ्यांना माहीत होतं, की हा डेंट पुढे अर्धा चेहरा जळून ‘टू-फेस’ होणार. विल्यम्सलाही ते माहीत होतं, त्याला ती भूमिका करायची होती. टू-फेस आला १९९५ मध्ये, आणि तो झाला टॉमी ली जोन्स. कृष्णवर्णीय हार्वे डेंट गोरा झाला, आणि सिनेमाने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. विल्यम्सला शेवटी टू-फेस करायला मिळाला तो २०१७ मध्ये, ‘लेगो बॅटमॅन’ या ॲनिमेशनपटात. तोही फक्त आवाज.

बॅटमॅन बदलला त्याची जगभर चर्चा. डेंट बदलला त्याची चर्चा किती? बदली कोणाची झाली यावर आपण किती ओरडतो ते ठरतं, हे मला जरा टोचतं.

रबराच्या आत

‘बॅटमॅन फॉरेव्हर’ जून १९९५ मध्ये आला. पहिल्या तीन दिवसांत अमेरिकेत पाच कोटी डॉलरच्या वर, तेव्हाचा विक्रम. जगभरात सुमारे ३३ कोटी. ‘रिटर्न्स’पेक्षा घसघशीत जास्त. जिम कॅरी तेव्हा तुफान फॉर्मात होता आणि तो रिडलर होता, हे कारण मोठं. पण स्टुडिओने काढलेला अर्थ सोपा होता: नट बदलला तरी चालतं. लोक मुखवट्यासाठी येतात.

किल्मरला हे आतून कळलं. त्याच्यावरच्या २०२१ च्या ‘व्हॅल’ या माहितीपटात तो सांगतो, की त्या सूटमध्ये हलता येत नव्हतं, ऐकू धड येत नव्हतं, बसायला-उठायला माणूस लागायचा. काही दिवसांनी लोकांनी त्याच्याशी बोलणंच सोडलं. त्याला वाटायला लागलं, की आपलं काम म्हणजे सांगितल्या जागी येऊन उभं राहणं. प्रत्येक पोराला बॅटमॅन व्हायचं असतं, असं तो म्हणतो. पण बॅटमॅन होणं वेगळं आणि सिनेमात बॅटमॅनचं काम करणं वेगळं.

त्याने आणखी एक प्रसंग सांगितलाय. अब्जाधीश वॉरन बफे नातवंडांना घेऊन सेटवर आले होते. किल्मर मुद्दाम सूट घालून थांबला, पोरांना भेटायला. पण पोरांना त्याच्याशी बोलायचंच नव्हतं. त्यांना मुखवटा घालून बघायचा होता, बॅटमोबाइलमध्ये बसायचं होतं. तेव्हा किल्मरच्या डोक्यात प्रकाश पडला: म्हणूनच तर इतके बॅटमॅन होऊ शकतात.

हे ऐकून मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. विचार करा, तुम्ही जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध भूमिकेत आहात आणि खोलीतला सगळ्यात बिनमहत्त्वाचा माणूसही तुम्हीच आहात.

शुमाकरची बाजूही सांगायला हवी. त्याने नंतर जाहीरपणे म्हटलं, की किल्मर सेटवर बालिश वागायचा, क्रूवर खेकसायचा, एकदा झटापट झाली आणि मग दोन आठवडे अबोला. पुढच्या सिनेमाच्या वेळी किल्मरला ‘द सेंट’ हा सिनेमा करायचा होता. त्याने सोडलं की त्याला काढलं? शुमाकरच्या म्हणण्याचा सूर असा होता, की दोन्ही थोडं थोडं.

तिसरा

आणि मग आला जॉर्ज क्लूनी. ‘ईआर’ या मालिकेतला देखणा डॉक्टर. मालिकेचं शूटिंग सांभाळून त्याने ‘बॅटमॅन अँड रॉबिन’ केला.

इथे स्टुडिओने १९९५ चा धडा जसाच्या तसा वापरला. चेहरा कोणाचाही चालतो ना? मग सगळं लक्ष खेळण्यांकडे. नवीन गाड्या, नवीन सूट, बर्फाळ चिलखतातला अर्नोल्ड श्वार्झनेगर. रॉबिन झालेल्या ख्रिस ओ’डॉनेलने नंतर सांगितलं, की आधीच्या वेळी सिनेमा करतोय असं वाटलं होतं, या वेळी खेळण्यांची जाहिरात करतोय असं वाटलं.

जून १९९७. सुरुवात बरी झाली, पण दुसऱ्या शनिवार-रविवारी कमाई साठ टक्क्यांहून जास्त घसरली. जगभरात सुमारे २४ कोटी डॉलर. आकडा मोठा वाटतो, पण खर्चच १२ कोटींच्या वर होता, त्यात थिएटरवाल्यांचा वाटा आणि जाहिरात. पाचवा सिनेमा ठरला होता, तो गुंडाळला. आठ वर्षं बॅटमॅन पडद्यावरून गायब. क्लूनी आजही त्याबद्दल माफी मागतो. त्याने बॅटमॅनच्या वेशातला स्वतःचा फोटो ऑफिसात लावून ठेवला होता, नुसत्या पैशांसाठी सिनेमा केला की काय होतं याची आठवण म्हणून. शुमाकरनेही चाहत्यांची माफी मागितली. तो २०२० मध्ये गेला.

माझं मत सांगतो. १९९७ च्या आपटीचं मूळ १९९५ च्या यशात आहे. ‘फॉरेव्हर’ चालला नसता तर स्टुडिओ थांबून म्हणाला असता, की कीटन गेला तेव्हा आपण काय गमावलं ते बघू. तो चालला, त्यामुळे काही गमावलंय हेच कोणाला दिसलं नाही. दोन वर्षांनी दिसलं, आणि शिव्या खाल्ल्या क्लूनीने. बिचारा नुसता तिसरा होता.

मग लोक शहाणे झाले का?

थोडेफार. ख्रिस्तोफर नोलनने २००५ मध्ये ख्रिश्चन बेलला घेऊन ‘बॅटमॅन बिगिन्स’ केला तेव्हा जुनी गोष्ट पुढे चालवलीच नाही. पहिल्यापासून सुरुवात. याला आपण ‘रीबूट’ म्हणतो. रीबूटमध्ये आल्फ्रेडसकट सगळं घरच नवीन असतं, त्यामुळे नव्या चेहऱ्याबद्दल कोणाला खुलासा द्यावा लागत नाही.

मार्व्हलने मात्र चालू गोष्टीत माणसं बदलली. ‘आयर्न मॅन’मध्ये टोनीचा मित्र रोडी होता टेरेन्स हॉवर्ड, २०१० च्या दुसऱ्या भागात आला डॉन चीडल. तो पहिल्याच प्रसंगात टोनीला साधारण असं म्हणतो, की हो, मीच आलोय, आता हे पचव आणि पुढे चल. ते वाक्य टोनीसाठी कमी आणि आपल्यासाठी जास्त होतं. हल्कचं तसंच. २००८ च्या सिनेमात एडवर्ड नॉर्टन, २०१२ च्या ‘द अव्हेंजर्स’मध्ये मार्क रफेलो. आज कोणाला विचारा, हल्क म्हणजे रफेलो. बदली माणूसच मूळ माणूस होऊन बसला.

म्हणजे मामीचं बरोबर होतं का? रिप्लेसमेंट आहे, चालायचंच?

आपल्याकडे नाटकात हे नवीन नाही. ‘नटसम्राट’ १९७० मध्ये आलं तेव्हा अप्पा बेलवलकर होते डॉ. श्रीराम लागू. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा तगड्या नटांनी अप्पा उभे केले. कोणी म्हणालं नाही, की हा खोटा अप्पा. तुलना झाली, वाद झाले, अजूनही होतात, पण त्यात मजा होती. मग सिनेमात एवढं का दुखतं?

मला वाटतं, फरक असा आहे. नाटकाचा प्रयोग संपला की संपला. दत्ता भट उभे राहतात तेव्हा त्यांच्या शेजारी त्याच रंगमंचावर लागू उभे नसतात, ते फक्त आठवणीत असतात. सिनेमात जुना माणूस जात नाही. कीटन आजही तिथेच आहे, तितकाच तरुण, त्याच सूटमध्ये. या रविवारी तो, पुढच्या रविवारी किल्मर. त्यामुळे नव्या माणसाला दर वेळी जुन्या माणसासमोर उभं राहून काम करावं लागतं.

आणि एक वेळ अशी, की बदलायचंच नाही

२८ ऑगस्ट २०२०. चॅडविक बोसमन गेला. वय ४३, आतड्याचा कॅन्सर. तो आजारी होता हे जगाला माहीतच नव्हतं. ‘ब्लॅक पँथर’चा दिग्दर्शक रायन कूगलर दुसऱ्या भागाचं स्क्रिप्ट त्याच्यासाठी लिहीत होता, त्यालाही माहीत नव्हतं. त्या धक्क्यात सिनेमाच सोडून द्यावा असं कूगलरला वाटलं होतं.

पहिला सिनेमा १३० कोटी डॉलरच्या वर गेला होता. व्यवहार म्हणतो, नवा टी’चाला शोधा. मार्व्हलने डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केलं, की शोधणार नाही. २०२२ च्या ‘वकांडा फॉरेव्हर’मध्ये राजा सुरुवातीलाच आजाराने जातो, आणि पुढे त्याची बहीण शुरी, म्हणजे लेटिशिया राइट, मुखवटा घालते. म्हणजे मुखवटा पुढे गेला, पण राजा टी’चालाची भूमिका बोसमनबरोबर ठेवली.

पण मंडळी, सगळ्यांना हे पटलं नव्हतं. टी’चालाला नव्या नटासकट परत आणा म्हणून मोहीम चालली, हजारो लोकांनी सह्या केल्या. आणि त्यांचा मुद्दा हलका नव्हता. बॅटमॅन इतक्या वेळा बदलला, सुपरमॅन बदलला, स्पायडरमॅन बदलला. गोऱ्या पोरांचे हिरो मरत नाहीत, नट बदलतो आणि ते चालू राहतात. मग कृष्णवर्णीय पोरांना एवढा मोठा राजा मिळाला, तर त्यालाच का पुरायचं? बोसमनचा मान म्हणजे त्याने उभं केलेलं पात्र जिवंत ठेवणं, असं ते म्हणत होते.

मी या वादात दोन्ही बाजूंनी झोके घेतलेत. आज विचाराल तर कूगलरच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. कायमचं नाही. जे लोक अजून रडत होते त्यांच्यासमोर दोन वर्षांत दुसरा माणूस उभा केला असता, तर त्या माणसावरही अन्याय झाला असता. काही वर्षांनी दुसरा कोणी टी’चाला झाला तर मी पहिल्या दिवशी तिकीट काढीन.

शेवट, थोडा गमतीचा

कीटनचं पुढे काय झालं? २०१४ मध्ये त्याने ‘बर्डमॅन’ केला. एकेकाळी सुपरहिरो केलेला, आता विसरला गेलेला नट. त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. आणि २०२३ च्या ‘द फ्लॅश’मध्ये तो परत बॅटमॅन झाला, ३१ वर्षांनी. सिनेमा आपटला. पण त्याच्या शेवटी (बघितला नसेल तर पुढची ओळ सोडा) फ्लॅशने काळाशी खेळ केल्यामुळे जग थोडं बदललेलं असतं, ब्रूस वेनची गाडी येते, दार उघडतं आणि उतरतो जॉर्ज क्लूनी! फ्लॅशचा चेहरा बघण्यासारखा होतो. माझ्या मामेभावाचा झाला होता तसाच.

किल्मर त्या गमतीत नव्हता. घशाच्या कॅन्सरने त्याचा आवाज गेला होता. २०२२ च्या ‘टॉप गन: मॅव्हरिक’मध्ये तो एका प्रसंगापुरता आला, तोच आइसमॅन, बराचसा टाइप करून बोलणारा. तिथे त्याच्या जागी कोणी दुसरा आणायचा विचारही करवत नाही. १ एप्रिल २०२५ ला तो गेला, ६५ वर्षांचा होता.

ती बातमी वाचली त्या रात्री मी ‘बॅटमॅन फॉरेव्हर’ परत लावला. बऱ्याच गोष्टी आता बघवत नाहीत, निऑन दिवे डोळ्यांत जातात. पण एका प्रसंगात तो मुखवट्याशिवाय बसून आईबापाच्या मृत्यूबद्दल बोलतो, हळू आवाजात. मी थांबून परत पाहिला. चांगलं काम केलंय त्याने. तेव्हा आम्ही ओठांवरून भांडत होतो, आणि हा माणूस समोर काम करत होता.

मामेभावाला मेसेज टाकला, “दुसरा बॅटमॅन गेला रे.” त्याचं उत्तर आलं, “कोण, ओठवाला?”

हो. ओठवाला. नाव होतं व्हॅल किल्मर.

तुमच्यासाठी पहिला बॅटमॅन कोण, आणि कोणाची बदली तुम्हाला अजून पचलेली नाही? सांगा. पुढच्या भागात बिल फिंगरची गोष्ट, वचन दिलंय तर पाळतो. भेटू, ऐकत राहा!